पद्मिनीचं ऑइल गळतंय? इंजिन उतरवायच्या आधी एवढं करून बघा

आमच्याकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, बाबांनी घेतलेली, आता माझ्या गळ्यात. गाडी चालते झकास पण पार्किंगच्या फरशीवर रोज सकाळी रुपयाएवढा काळा ठिपका, आणि शेजारचे काका रोज तो ठिपका बघून "अजून गळतेच का रे" विचारणार. दोन वर्षांत मी टॅपेट कव्हरची (इंजिनच्या डोक्यावरचं झाकण) पॅकिंग तीनदा बदलली, चेंबरची (इंजिनच्या तळाचं ऑइलचं पत्र्याचं भांडं) दोनदा, मग एका गॅरेजवाल्याने खाली वाकून पाच सेकंद बघितलं आणि म्हणाला मागचं सील (इंजिनच्या दांड्याच्या मागच्या टोकाचं, क्लचच्या बाजूचं) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, जमलं तर इंजिनच काढून टाकू. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली. नंतर निघालं काय, तर मागचं सील ठणठणीत होतं. ब्रीदर (इंजिनच्या आतला गॅस बाहेर सोडणारी नळी) तुंबला होता आणि ऑइल प्रेशरचा स्विच पाझरत होता. दोन्हीचं मिळून काम एका दुपारचं.

म्हणून हे लिहितोय, ज्यांनी नुकतीच जुनी फिआट किंवा पद्मिनी घेतलीये किंवा घरातली परत रस्त्यावर काढतायत त्यांच्यासाठी. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतून पद्मिनी टॅक्सी गेली (टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे ना), त्यामुळे हे इंजिन हाताखालून गेलेले मेकॅनिक आता कमी होत चाललेत. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेलं ते १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन तसं फार साधं आहे, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, बाजूला मेकॅनिकल पेट्रोल पंप, कॉम्प्युटर-सेन्सरची भानगड नाही. घरी करता येण्यासारखं काम आहे. ॲम्बेसिडर असेल किंवा जुनी जीप असेल तरी बहुतेक सगळं असंच लागू पडेल.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, ऑइल जिथे ठिबकतंय तिथून ते गळत नसतं. ते वरून कुठून तरी निघतं, ब्लॉकच्या अंगावरून ओघळतं, चालत्या गाडीत पंख्याच्या आणि समोरच्या वाऱ्याने मागे ढकललं जातं, आणि शेवटी सगळ्यात खालच्या, सगळ्यात मागच्या कोपऱ्यात गोळा होऊन टपकतं. त्यामुळे दहातल्या नऊ गाड्या खालून बघितल्या तर मागचं सीलच गेलंय असं वाटतं.

आधी बघा, ते इंजिन ऑइलच आहे ना

रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा टाका, टीव्ही-फ्रिजच्या खोक्याचा मोठा तुकडा चालेल. पुढच्या चाकांची जागा पेनने त्यावर आखून ठेवा, म्हणजे सकाळी ठिपका इंजिनच्या कुठल्या भागाखाली पडलाय ते कळेल. ठिपका बोटावर घेऊन वास घ्या. इंजिन ऑइल तपकिरी-काळं आणि जळकट. गिअर ऑइल घट्ट असतं आणि त्यात गंधक असल्यामुळे कुजक्या अंड्यासारखा घाण वास येतो, एकदा घेतला की आयुष्यात विसरणार नाही. गिअरबॉक्सचं पुढचं सील गेलं तर ते ऑइल पण क्लचच्या हाउसिंगमधूनच खाली येतं आणि लोक इंजिनचं मागचं सील बदलून मोकळे होतात, गळती आहे तिथेच. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि रंग खातं, ते दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी ब्रेक बघा, गाडी बाहेर काढू नका.

धुवा. खरंच, नीट धुवा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि ह्यालाच सगळे टांग मारतात. चाळीस वर्षांचा चिकटा, त्यावर धूळ, त्यावर परत ऑइल, अशा थरावर नवी गळती कुठली आणि जुनी कुठली हे ब्रह्मदेवाला पण कळणार नाही.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डिस्ट्रिब्युटर, कार्बोरेटरचं तोंड आणि डायनमो किंवा अल्टरनेटर जे असेल ते प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधून टाका. पूर्वी रॉकेलने धुवायचे, आता रॉकेल मिळत नाही तर डिझेल घ्या, पेट्रोल अजिबात नको, त्याची वाफ कधी पेट घेईल सांगता येत नाही. जुना रंगाचा ब्रश, जुना टूथब्रश आणि जाड थर खरडायला लाकडी पट्टी. खाली पसरट पत्र्याचा ट्रे ठेवा म्हणजे घाण गटारात जाणार नाही. नंतर शाम्पूचं पाणी, फडकं, आणि पूर्ण वाळू द्या. हाय प्रेशर वॉशर मी टाळतो, जुन्या वायरिंगमध्ये पाणी घुसलं की गाडी दोन दिवस मिसफायर करते आणि मग आपण नसलेले फॉल्ट शोधत बसतो.

गाडीखाली जाणार असाल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड नाहीतर लाकडी ओंडके आणि जॅकच्या जोडीला दोन घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड). विटा लावू नका, वीट कधी फुटेल सांगून फुटत नाही.

पावडर मारा

वाळलेल्या इंजिनवर बाळाची टाल्कम पावडर मारायची, चेंबरच्या जोडावर, टॅपेट कव्हरच्या कडेला, पेट्रोल पंपाच्या आजूबाजूला, पुढच्या टायमिंग कव्हरवर. ब्रशवर घेऊन फुंकली की छान बसते. मग इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा, गरम होऊ द्या, थोडं रेस करा. पंख्याचा पट्टा फिरत असतो हे लक्षात ठेवा, शर्टाची बाही, गळ्यातली चेन, ओढणी काही लोंबकळतं नको. ऑइल जिथून निघेल तिथे पांढऱ्यावर ओली काळी रेघ उमटते. त्या रेघेचं सगळ्यात वरचं टोक शोधायचं. खालचं टोक बघून काही उपयोग नाही, ते आपल्याला आधीच माहितीये.

गळती फारच बारीक असेल आणि फक्त चालत्या गाडीत होत असेल तर यूव्ही डाय मिळतो, तो ऑइलमध्ये टाकून थोडी चक्कर मारून यायचं आणि अंधारात निळ्या-जांभळ्या टॉर्चने बघायचं, हिरवट-पिवळं चमकतं. पावडरने काम झालं तर ह्याची गरज नाही.

ब्रीदर, ज्याच्याकडे कोणी बघत नाही

आता मुख्य मुद्दा. पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने थोडा गॅस खाली चेंबरमध्ये येतोच, नव्या इंजिनात पण येतो. तो बाहेर जायला ब्रीदरची नळी असते, काही गाड्यांत ती एअर फिल्टरकडे जाते, काहींत खाली रस्त्याकडे मोकळी सोडलेली असते. ही नळी चिकट्याने तुंबली, किंवा रबर आतून फुगून बंद झालं, किंवा कुणीतरी "इथून धूर येतो" म्हणून त्यात चिंधी कोंबून ठेवली (माझ्या एका मित्राच्या गाडीत खरंच निघाली), तर गॅसला जायला जागा नाही. मग आतला दाब वाढतो आणि तो ऑइलला प्रत्येक पॅकिंगमधून, प्रत्येक सीलमधून बाहेर ढकलतो. अशा वेळी तुम्ही जगातली सगळ्यात भारी पॅकिंग लावा, आठ दिवसांत परत गळणार. हट्टी गळती म्हणतात ती बहुतेक वेळा हीच.

तपासायला पैसे लागत नाहीत. इंजिन आयडलवर चालू, ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर कागदाचा तुकडा हलकेच धरा. थोडं फडफडलं तर ठीक. कागद जोरात उडाला, भकाभका धूर आला, किंवा गाडी पळवून आल्यावर ऑइलची लेव्हल बघायची पट्टी (डिपस्टिक) आपोआप वर सरकलेली दिसली, तर दाब जास्त आहे. नळी काढा, डिझेलमध्ये भिजवा, तारेने आरपार साफ करा, आत तारेची जाळी असेल तर ती पण धुवून वाळवून परत बसवा. रबर कडक झालं असेल तर नवीन घ्या पण ऑइल सहन करणारा होज घ्या, बागेतली पाण्याची नळी लावू नका, ती महिन्यात लिबलिबीत होऊन आतल्या आत चिकटते.

नळी साफ करून पण फुसफुस तेवढीच राहिली तर रिंगा झिजल्या असतील. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजून घ्या. आकडा कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत मोजा, आकडा बऱ्यापैकी वर आला तर रिंगा, नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा हेडची पॅकिंग. रिंगा गेल्या असतील तर गळतीचं काम म्हणजे इंजिनचंच काम आहे, तिथे पॅकिंगवर पैसे घालू नका.

ह्याच पायरीला पट्टी काढून ऑइलचा वास पण घ्या. पेट्रोलचा वास आला आणि ऑइलची लेव्हल न भरता वाढलेली दिसली, तर मेकॅनिकल पंपाचा पडदा फाटलाय, पेट्रोल सरळ चेंबरमध्ये उतरतंय. ऑइल पाण्यासारखं पातळ होतं आणि जिथून कधी गळलं नाही तिथून गळायला लागतं. ह्यात गळतीपेक्षा बेअरिंगचा धोका मोठा आहे. गाडी चालवू नका, पंप दुरुस्त करा नाहीतर बदला, आणि ऑइल-फिल्टर लगेच बदला.

वरून सुरुवात करून खाली या

वरची गळती खालच्या सगळ्यांना बदनाम करते म्हणून कामाचा क्रम वरून खाली.

टॅपेट कव्हर. इथे बुचाची म्हणजे कॉर्कची पॅकिंग असते. गळायला लागलं की आपण नट आवळतो, कॉर्क दबून बाहेर येतो, पत्रा वाकतो, आणखी गळतं, आपण आणखी आवळतो. मी तीनदा हेच केलं. कव्हर काढून काचेवर उलटं ठेवा, कुठे फट दिसते बघा, वाकलेली कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने सरळ करा. जुनी पॅकिंग पूर्ण खरडून काढा पण हेड ॲल्युमिनियमचं आहे, लोखंडी पट्टीने ओरखडे पडले तर ती नवीन गळतीची वाट, म्हणून प्लॅस्टिक किंवा लाकूड वापरा. नवी पॅकिंग दुकानात टांगून टांगून वाळून लहान झालेली असते, भोकं जुळत नाहीत म्हणून ओढू नका, तुटेल. अर्धा तास पाण्यात भिजवा, परत फुगते, पुसून बसवा. सीलंटचा पातळ हात फक्त कव्हरच्या बाजूला, हेडच्या बाजूला कोरडी, म्हणजे पुढच्या वेळी कव्हर उचललं की पॅकिंग त्याच्यासोबत सुखरूप येते.

पेट्रोल पंप ब्लॉकला जिथे बसतो तिथे पॅकिंग आणि जाड ठोकळा असतो. काढताना एकूण जेवढी जाडी निघाली तेवढीच परत घाला. गळतंय म्हणून दोन पॅकिंग जास्त घातल्या तर पंपाचा स्ट्रोक कमी होतो आणि घाटात गाडी पेट्रोलसाठी धापा टाकते.

ऑइल प्रेशरचा स्विच, म्हणजे डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याची वायर ब्लॉकवर जिथे जाते ती बारकी वस्तू. हा आतून फुटला की ऑइल वायरच्या टोकातून झिरपतं, ब्लॉकवरून मागे जातं आणि अगदी मागच्या सीलसारखं दिसतं. वायर ओढून काढा, टोक ऑइलने ओलं असेल तर चोर सापडला. माझा चोर हाच होता. स्विच स्वस्तात मिळतो, बसवताना आटे जुळतायत ना ते हाताने फिरवून बघा, जबरदस्ती केली तर ब्लॉकचे आटे जातील.

ड्रेन प्लगचा तांब्याचा वायसर दर ऑइल चेंजला नवीन टाकावा. नसेल मिळत तर जुना गॅसवर लालबुंद करून पाण्यात टाका, तांबं परत मऊ होतं आणि नव्यासारखं बसतं.

पुढचं टायमिंग कव्हरचं सील. पट्ट्याच्या पुलीमागे ऑइलचे शिंतोडे गोलाकार उडालेले दिसले तर हे. सील नवीन घालण्याआधी पुलीच्या दांड्यावर नख फिरवा, वर्षानुवर्षं सीलची कड घासून तिथे खाच पडलेली असते. खाच असेल तर नवं सील पण गळणार. जागा असेल तर सील एक-दीड मिलिमीटर मागेपुढे बसवा म्हणजे कड कोऱ्या जागेवर फिरेल, नाहीतर दांड्यावर पातळ स्टीलची बाही चढवून मिळते. सीलचं माप त्याच्यावरच छापलेलं असतं, आतला व्यास, बाहेरचा, जाडी. तो तुकडा खिशात घेऊन जा, पुण्यात नाना पेठेत नुसता हातात दिला तरी जोडीदार काढून देतात. बसवताना कडेला ऑइलचं बोट लावा, कोरडं सील पहिल्याच स्टार्टला जळतं.

चेंबर, जिथे खरी मेहनत आहे

वरचं सगळं कोरडं झालं आणि तरी खाली ओलं, तरच चेंबर खोला. ऑइल कोमट असताना काढा, उकळतं नको, हात भाजतो. काही गाड्यांत क्रॉस मेंबर आड येतो आणि माउंटिंग सैल करून इंजिन इंचभर उचलावं लागतं, तेव्हा चेंबरच्या पत्र्याखाली सरळ जॅक लावू नका, पत्रा पोचून आतल्या जाळीला टेकेल.

चेंबर निघाला की त्याची कड बघा. प्रत्येक बोल्टच्या भोकाभोवती पत्रा वर ओढलेला, वाटीसारखा दिसेल. पूर्वी कुणीतरी लांब पान्याने जीव खाऊन आवळलेलं असतं. ह्यामुळे बोल्टपाशी पॅकिंग दाबली जाते आणि दोन बोल्टच्या मध्ये फट राहते. हे सरळ केल्याशिवाय नवी पॅकिंग घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ऐरणीवर किंवा रुळाच्या तुकड्यावर कड ठेवून प्रत्येक भोक हातोडीने हळूहळू बसवा, मग काचेवर ठेवून बघा, परत ठोका, परत बघा. मला तास-दीड तास लागला आणि माझ्या मते सगळ्या कामातला हाच तास सगळ्यात मोलाचा.

चेंबरच्या तळाची गाळ-घाण काढा, ऑइल पंपाची जाळी धुवा. ब्लॉकचे आटे तपासा, एखादा बोल्ट नुसताच फिरत असेल तर हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसवून घ्या, सीलंट भरून भागवू नका. सीलंटबद्दल एकच सांगतो, कमी लावा. सिलिकॉनचा जाड थर बाहेर जेवढा फुगलेला दिसतो तेवढाच आत पण फुगलेला असतो, त्याचे तुकडे सुटून जाळीला अडकले की ऑइलचा प्रेशर गेला आणि इंजिन बसलं. ज्या चेंबरला पुढे-मागे अर्धगोल पट्ट्या असतात तिथे पट्टी आणि बाजूची पॅकिंग जिथे भेटतात त्या चार कोपऱ्यांत मात्र हरभऱ्याएवढा थेंब हवाच, बहुतेक चेंबर तिथूनच गळतात. दोन्ही बाजू थिनरने पुसून अगदी कोरड्या करा, ऑइलच्या ओल्यावर काही चिकटत नाही.

बोल्ट सगळे आधी हाताने लावा. मग मधून सुरू करून आडवे-तिरके, बाहेरच्या बाजूला जात, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळा. लहान पाना घ्या आणि मनगटाने आवळा, कोपराने नाही. पॅकिंग किंचित फुगलेली दिसली की थांबा. टॉर्क पाना असेल तर मॅन्युअलमधला आकडा लावा, तो वाटतो त्यापेक्षा फारच कमी असतो.

मागचं सील

एवढं सगळं करून क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातून ऑइल येतंच राहिलं, वास इंजिन ऑइलचा आहे, ब्रीदर साफ आहे, आणि क्लच घसरायला लागलाय, तर मग खरंच मागचं सील. गिअरबॉक्स उतरवायचं काम आहे, पहिल्यांदा करणाऱ्याने एकट्याने करू नये, गिअरबॉक्स छातीवर येतो. गॅरेजला द्या पण सांगा की उघडलंयच तर क्लच प्लेट, बेअरिंग आणि गिअरबॉक्सचं पुढचं सील त्याच वेळी बघून घ्या, परत मजुरी नको. आणि दिवसाला दोन-चार थेंबच पडत असतील, क्लच कोरडा असेल, तर मी तरी ते उघडणार नाही, ट्रे ठेवीन आणि पट्टी दर रविवारी बघीन.

ऑइल कुठलं

२०डब्ल्यू-५० साधं मिनरल. नव्या गाड्यांचं पातळ सिंथेटिक भारी असतं म्हणून ह्यात घालू नका, जुन्या सीलमधून ते वाट काढतंच. पट्टीच्या वरच्या खुणेच्या वर भरू नका. गळती थांबवणाऱ्या बाटल्या मिळतात, त्या रबर थोडं फुगवतात, कडक झालेल्या सीलला काही महिने फरक पडतो, पण कॉर्कच्या पॅकिंगला किंवा तुंबलेल्या ब्रीदरला त्याचा शून्य उपयोग. काढलेलं जळकं ऑइल डब्यात साठवून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला द्या, नाल्यात किंवा झाडाच्या बुंध्यात नाही.

नंतर

इंजिन चालू केल्यावर लाल दिवा विझतोय ना ते आधी बघा, मग खाली वाकून बघा. सायलेन्सरच्या पाइपवर सांडलेलं ऑइल जळून पहिल्या दिवशी थोडा धूर येतो, तो पुसून घ्या, पण धूर वाढत गेला तर लगेच बंद करा, गरम पाइपवर सतत ठिबकणारं ऑइल पेटू शकतं. शंभरेक किलोमीटर झाल्यावर थंड इंजिनवर कॉर्कचे बोल्ट एकदा हलकेच तपासा, कॉर्क बसतो थोडा. परत आवळायचं ते एकदाच.

आणि पुठ्ठा टाकणं चालू ठेवा, मी प्रत्येक पुठ्ठ्यावर तारीख लिहितो. माझ्या शेवटच्या तीन पुठ्ठ्यांवर मिळून एक ठिपका आहे, तो पण काकांच्या स्कूटरचा निघाला.